ठेवी एवढ्या, मग धंद्याला कर्ज का अडतं? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखानदाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळपईजवळ तुमचा काजूचा छोटा कारखाना आहे, वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, वाढवून मागितली, तर बँक २४ लाखांच्या वर जायला तयार नाही आणि त्या २४ लाखांनाही राहतं घर तारण मागते. गोव्यातल्या बँका ठेवींनी भरलेल्या, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) उतरलेला, थकीत कर्जं कमी झाल्याच्या बातम्या पेपरात. मग आपल्यासारख्या देशांत बँका धंद्याला कर्ज देताना पाहतात तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

माझी बरीच वर्षं फोंडा, साखळी आणि पणजीतल्या शाखांत कर्जाच्या फायली वाचण्यात गेली. आता लहान उद्योगांचे प्रस्ताव तयार करून देते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आलेत: बँका एकूणच धंद्याला हात आखडता का घेतात, आणि तुमचं गाडं नेमकं कुठे अडलंय. दोन्हींची उत्तरं जोडलेली आहेत, पण एक नाहीत. तुमचा ताळेबंद, सिबिल, घराची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. सरकारी बँक, खासगी बँक आणि अर्बन को-ऑपरेटिव्ह यांची पद्धतही वेगळी असते. तेवढं धरून वाचा.

आधी ठेवींचं. बँकेकडे पैसा आहे म्हणजे तो कर्जासाठी मोकळा आहे, ही समजूत सगळीकडे आढळते. १९९१ च्या सुधारणांआधी ती अगदीच चुकीची होती: तेव्हा ठेवीच्या १०० रुपयांतले ३८.५ सरकारी रोख्यांत आणि १५ रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. निम्म्याहून जास्त पैसा कर्ज व्हायच्या आधीच संपायचा. आता रोख्यांचं बंधन १८ टक्के आहे आणि रोख राखीव २०२५ मध्ये ३ टक्क्यांपर्यंत खाली आणलं गेलं. म्हणजे हात बांधलेले राहिले नाहीत. तरीही बँका बंधनापेक्षा जास्त सरकारी रोखे बाळगतात, कारण भांडवलाचा हिशेब. सरकारी रोख्यावर जोखीम भार शून्य, घरकर्जावर बहुतेक वेळा ३५ ते ५० टक्के, लहान उद्योगाच्या कर्जावर साधारण ७५ आणि रेटिंग नसलेल्या कंपनीच्या कर्जावर १००. जेवढा भार जास्त, तेवढं बँकेचं स्वतःचं भांडवल त्या कर्जामागे अडकतं. त्यामुळे तुमच्या २४ लाखांची स्पर्धा शेजारच्या कारखानदाराशी कमी आणि सरकारी रोखे व घरकर्ज यांच्याशी जास्त असते.

सरकार जिथे फार चढ्या व्याजाने उसनवारी करतं, तिथे हे उघडं दिसतं. घानामध्ये ट्रेझरी बिलांवर २० टक्क्यांहून जास्त व्याज मिळू लागलं, तेव्हा एखाद्या कारखान्याच्या गोदामात जाऊन गोणी मोजण्याची गरज कुठल्या बँकेला वाटणार? पुढे २०२२ च्या डिसेंबरात त्याच सरकारने देशांतर्गत रोखे बदलून घ्यायला लावले आणि बँकांच्या भांडवलालाच खड्डा पडला. म्हणजे रोख्यांमुळे धंद्यांचं कर्ज आधी आटलं आणि रोखे बुडाल्यावर पुन्हा आटलं.

गोव्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आखातातून, बोटीवरून, पोर्तुगाल-इंग्लंडमधून येणारा पैसा इथल्या शाखांत ठेव म्हणून बसतो आणि राज्याचं कर्ज-ठेव प्रमाण वर्षानुवर्षं देशाच्या सरासरीच्या बरंच खाली राहिलं आहे. त्यावरून "बँका गोव्याचा पैसा बाहेर नेतात" असा आरोप होतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने असलेल्या मोठ्या कंपन्यांची कर्जं बहुधा त्यांच्या मुख्यालयाच्या शहरात नोंदली जातात. कारखाना इथे, कर्ज मुंबईच्या आकड्यात. शिवाय शाखेतली ठेव शाखेत राहत नाही, ती बँकेच्या एकाच हौदात जाते. वाळपईच्या ठेवी वाढल्या म्हणून वाळपईच्या मॅनेजरचा मंजुरीचा अधिकार वाढत नाही.

व्याजदराचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ६.५ टक्के असलेला रेपो दर वर्षअखेर ५.२५ वर आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची तरत्या दराची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत. त्यामुळे तुमचं व्याज उतरेल. मर्यादा मात्र त्यामुळे वाढणार नाही. दर आणि कर्जाची उपलब्धता या दोन वेगळ्या चाव्या आहेत. केनियाने २०१६ मध्ये कायदा करून कर्जाचा दर मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा ४ टक्क्यांहून वर जाऊ नये असं बंधन घातलं. हेतू लहान धंदेवाल्यांचा फायदा हाच होता. झालं असं की जोखमीच्या मानाने दर पुरत नाही म्हणून बँकांनी लहान कर्जदारच गाळले, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ते बंधन काढावं लागलं. दर वाटेल तेवढा वाढवूनही प्रश्न सुटत नाही. चढा दर कबूल करायला जे तयार होतात, त्यांत परतफेडीची फिकीर नसलेलेच जास्त असतात. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे नीट मांडून दाखवलं: म्हणूनच बँक एका मर्यादेनंतर दर वाढवत नाही, कर्जच थांबवते. जास्त व्याज द्यायची तयारी दाखवून मर्यादा वाढवून घेऊ पाहणारे पुष्कळ भेटतात. अधिकाऱ्याच्या कानाला ते वाक्य उलटं लागतं.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात दोन ठिकाणी. तुमच्या धंद्यातला पैसा बँकेला दिसतो का, आणि काही बिघडलं तर तो किती दिवसांत परत मिळतो. बाकीचं सगळं, म्हणजे दर, भांडवल, सरकारी धोरण, या दोन गोष्टींना बळ देतं किंवा त्यांची धार कमी करतं.

परत मिळण्याचं आधी घेते, कारण घर तारण मागण्याचं मूळ तिथे आहे. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालात भारतात करारभंगाचा दावा निकाली निघून वसुली व्हायला सरासरी १,४४५ दिवस लागतात असं नोंदलं होतं. जवळजवळ ४ वर्षं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. त्या क्षणापासून बँकेला नफ्यातून तरतूद काढून ठेवावी लागते: तारण असेल तर १५ टक्के, विनातारण असेल तर २५. २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टाशिवाय तारण विकण्याचा अधिकार मिळाला आणि २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने मोठ्या कर्जदारांना शिस्त लागली. पण सरफेसी शेतजमिनीला लागू नाही. गोदामात नजरगहाण (ताबा तुमच्याकडेच ठेवून गहाण) असलेला काजूही प्रत्यक्षात बँकेच्या हाती लागेपर्यंत खवट झालेला असतो. उरतं घर.

आणि गोव्यातलं घर हे तारण म्हणून दिसतं तेवढं सोपं नाही. फाईल उघडली की एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, कधी झालेलीच नसते. चार भावांपैकी एक बहारीनला, एक लिस्बनला. जागा कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, निघते, नाहीतर परसात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असतं आणि त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण. इथल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांची सही लागते, आणि तो नियम चांगलाच आहे. पण बँकेच्या वकिलाचा टायटलचा अहवाल "सर्व वारसांच्या संमतीच्या अधीन" असा आला की प्रस्ताव तिथेच थबकतो. विकसनशील देशांत बँक कर्ज कमी का देते याचा अभ्यास करणारे लोक जमिनीच्या नोंदींना इतकं महत्त्व का देतात, हे गोव्यातल्या दहा फायली वाचलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कुटुंबाकडे लाखोंची मालमत्ता असते, आणि बँकेच्या दृष्टीने ती तारण म्हणून उभीच राहत नाही.

तुमच्या पट्ट्याची आणखी एक आठवण बँकांच्या मनात आहे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. त्याआधी डिचोली, सत्तरी, सांगे इथे घरटी खनिज वाहणाऱ्या ट्रकची कर्जं होती आणि हप्ते नियमित येत होते. कर्जदार प्रामाणिक, कागद स्वच्छ. एका आदेशाने सगळ्यांचं उत्पन्न एकाच आठवड्यात थांबलं. मध्ये मर्यादित उत्खनन सुरू झालं, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा तेच. राज्य सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी मदतीची योजना आणावी लागली. त्याच २०१८ मध्ये देशभरातल्या बँकांचं ढोबळ एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं. ज्यांनी त्या वर्षांत मंजुऱ्यांवर सह्या केल्या, त्यांना नंतर खुलासे द्यावे लागले. आज आकडे खूप सुधारलेत, ते तुम्ही वाचता. पण मंजुरीवर सही करणाऱ्या माणसाच्या मनातली धास्ती आकड्याइतक्या लवकर उतरत नाही. त्या भागातून नवा प्रस्ताव आला की तो आधी विचारतो, हा धंदा कशावर अवलंबून आहे आणि शेजारचे सगळे त्याच्यावरच आहेत का? काजूला हा प्रश्न लागू आहे. अवकाळी पावसाने मोहर झडला की तालुक्यातल्या सगळ्या कारखान्यांची बी एकदमच महाग होते. तुम्ही आफ्रिकेतली बी घेऊन तूट भरून काढत असाल तर ते प्रस्तावात स्पष्ट लिहा. बँकेला ते जोखीम कमी करणारं वाटतं.

आता दिसण्याचं. कर्ज अधिकारी तुमच्या गोदामात येतो, तेव्हा तो काय करतो ते सांगते. स्टॉक स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं असतं, समजा, ३०० गोणी. तो दर्शनी थप्पीच्या रांगा मोजतो, मग आतली आणि खालची गोणी काढायला लावतो. बी वाळवलेली आहे का ते हातात घेऊन बघतो. दोन-तीन दिवस कडक ऊन न दाखवलेली बी ढिगात काळी पडते आणि पावसाळ्यात माल निम्म्या किमतीचा राहतो. मूठभर बिया कापून गर बघतो, साधारण ४ किलोला १ किलो गर सुटेल का याचा अंदाज घेतो. दर लावताना गोवा बागायतदार या सहकारी संस्थेने जाहीर केलेला दर धरतो, तुमचा नाही. शेवटी खरेदीच्या पावत्या मागतो. इथे सत्तरीतले बहुतेक कारखाने अडखळतात. शेतकऱ्याला बी टाकली की रोख हातात लागते, पावती कोण करणार? पण शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला रोख पैसे देण्याची मुभा आयकरातही आहे. अट एवढीच की शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, दर आणि सही असलेलं व्हाउचर हवं. ते पुस्तक नसेल तर तुमच्या गोदामातला ४० लाखांचा माल बँकेच्या लेखी कोणाचा, हेच ठरत नाही.

विक्रीचंही तसंच. पणजी-म्हापशाच्या दुकानदारांना दिलेला माल, त्यातला काही कच्च्या बिलावर, काही पैसे दुसऱ्याच बँकेतल्या सेव्हिंग खात्यात. धंदा सव्वा कोटीचा आणि कॅश क्रेडिट खात्यात फिरलेले पैसे ७० लाख, अशी खाती मी नेहमी पाहत आले. बँक ७० लाखांच्याच धंद्याला कर्ज देणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. पूर्वी ही माहिती गोळा करायलाच इतका खर्च येई की लहान कर्ज बँकेला परवडतच नसे. २० लाखांच्या आणि २ कोटींच्या फायलीला मेहनत सारखीच. २०१७ पासून जीएसटीचे रिटर्न आणि २०२१ पासून अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत (ग्राहकाच्या संमतीने माहिती पोचवणारी यंत्रणा) खात्यांची माहिती थेट मिळू लागली, त्यामुळे हा खर्च खरोखर उतरला आहे. म्हणून मला मनापासून वाटतं, ज्याची विक्री कागदावर आहे त्या लहान उद्योजकाला आज जेवढी संधी आहे तेवढी याआधी कधीच नव्हती. ज्याची नाही, तो मात्र अधिकच मागे पडणार.

आता तुमच्या २४ लाखांकडे येते. प्रश्न वाचताना हा आकडा दिसला आणि अर्धं कोडं सुटलं. १ कोटी २० लाखांचे २० टक्के म्हणजे बरोबर २४ लाख. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा हा नायक समितीचा हिशेब: वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० बँकेने द्यायचे आणि ५ मालकाने घालायचे. सोपा, चांगला हिशेब. पण त्यात एक गृहीतक आहे. वर्षात पैसा चार वेळा फिरतो, म्हणजे माल घेतल्यापासून पैसे परत येईपर्यंत ३ महिने लागतात. काजूचं तसं नाही. गावठी बी मार्च ते मे एवढीच मिळते आणि ती पुढचे सात-आठ महिने फोडायची असते. तुमच्या विक्रीत बीचा खर्च ७० टक्के धरला तर वर्षाला ८४ लाखांची बी. मेअखेर ८ महिन्यांचा साठा करायचा तर ५६ लाख. त्यावर बँकेचं २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, वजा जाता ४२ लाख. २४ आणि ४२ मधलं अंतर तुम्ही बहुधा सावकारी व्याजाने किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घेऊन भरताय, आणि मग गर त्याच्याच दराने द्यावा लागतो. तुमच्या धंद्याचा नफा इथे गळतोय.

२० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. चक्र लांब असेल तर गरजेप्रमाणे जास्त मर्यादा देता येते. म्हणून "लिमिट वाढवा" असा अर्ज देऊ नका. महिनावार तक्ता द्या: कोणत्या महिन्यात किती बी येणार, किती फुटणार, किती गर विकणार, किती उधारी उभी राहणार. त्याच्या आधारे हंगामी मर्यादा मागा: मार्च ते ऑगस्ट ४२ लाख आणि पुढे उतरत २० लाखांपर्यंत. हंगामात जास्त, बिगरहंगामात कमी अशी ही मर्यादा (बँकेच्या भाषेत पीक आणि नॉन-पीक) बँकांना माहीत आहे. साखर कारखान्यांना, तांदळाच्या गिरण्यांना ती देतात. डिसेंबरनंतर खातं खरंच खाली उतरलेलं दिसलं, तर पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला वजन येतं. मागच्या दोन वर्षांचे जीएसटी रिटर्न या तक्त्याशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर आधी ते सरळ करा आणि अर्ज एक हंगाम पुढे ढकला.

घराचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सूक्ष्म-लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा दंडक घातला, आणि व्यवहार चांगला असेल तर २५ लाखांपर्यंत तारण माफ करण्याची मुभा बँकांना दिली. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीची हमी आहे. तिची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ५ कोटी झाली आणि २०२५ मध्ये १० कोटी. मग मॅनेजर ती का टाळतो? कर्ज बुडालं तर हमी पूर्ण रकमेची नसते, साधारण ७५ ते ८५ टक्क्यांची असते, आणि दावा मंजूर होताना कागदात एक त्रुटी निघाली तरी जबाबदारी शाखेवर येते. फी तुमच्या खात्यात पडते. पण हमी असलेल्या भागावर बँकेला जोखीम भार शून्य धरता येतो, हा मुद्दा तुम्ही बोलताना काढा. शाखेत तो नेहमी कोणाच्या डोक्यात असतोच असं नाही. घराच्या नोंदी स्वच्छ असतील आणि घरातल्या सगळ्यांची मनापासून तयारी असेल, तर घर देऊन व्याज थोडं कमी करून घेणं हाही एक मार्ग. वारसांचा गुंता असेल तर त्या वाटेला जाऊच नका, सहा महिने तिथेच जातील. कारखाना औद्योगिक वसाहतीतल्या लीजच्या प्लॉटवर असेल तर औद्योगिक विकास महामंडळाची ना-हरकत घेऊन तो प्लॉट तारण देता येतो, तेही विचारून बघा.

वेळेबद्दल शेवटचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज दिलात तर शाखा वर्षअखेरीच्या वसुलीत गुंतलेली असते, आणि प्रस्ताव हलेपर्यंत चांगली बी बाजारातून उचलली गेलेली असते. डिसेंबरात द्या, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. आणि ते कारण मला कळवा: हंगामी मर्यादेचा हिशेब मान्य नाही असं म्हणतात, की हिशेब मान्य आहे पण हमीवर द्यायचं नाही असं म्हणतात, यावर पुढे वरच्या कार्यालयात जायचं की बँकच बदलायची ते ठरवता येईल.